फोर्कलिफ्टच्या चाकातलं बेअरिंग: उघडायचं कसं, वाचायचं कसं आणि नट आवळायचा किती

हब म्हणजे बेअरिंगं सांभाळणारा चाकाचा मधला भाग. त्याची टोपी काढली की आतलं ग्रीस आधी डोळ्यांनी बघायचं, मग दोन बोटांत घेऊन चोळायचं. चांगलं ग्रीस लोण्यासारखं सरकतं. आमच्याकडचं बहुतेक वेळा करकरतं, भातात खडा लागावा तसं. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या फाउंड्र्यांमध्ये मशीन चालवायचं म्हणजे हे आलंच. साच्यांसाठी जी हिरवी वाळू वापरतात ती नावालाच हिरवी, रंगाने काळीकुट्ट. सिलिका, बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी यांचा तो काला असतो. ओली असताना चाकाला चिकटते, वाळली की पिठीसारखी उडते आणि सील, म्हणजे घाण बाहेर आणि ग्रीस आत ठेवणारी कडी, जरा झिजलं की हबच्या आत मुक्कामाला जाते.

फाउंड्रीत, साखर कारखान्यांच्या गोदामांत आणि ट्रान्सपोर्टच्या आवारांत फोर्कलिफ्ट दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली. तेवढ्या काळात वजन पेलून पेलून, आयुष्य पुरं करून गेलेली बेअरिंगं मी थोडीच बघितली. बाकीची एक तर घाणीने गेली नाही तर माणसाच्या हाताने, आणि हाताने गेलेल्यांत निम्म्याहून जास्त नट चुकीचा आवळल्यामुळे. म्हणून हा लेख सगळ्या हबबद्दल असला तरी जास्त वेळ त्या एका नटापाशी थांबणार आहे.

आधी मशीन समजून घेऊ. फोर्कलिफ्ट म्हणजे चाकांवरचा तराजू. पुढची चाकं हा टेकू, काट्यांवरचा माल हे एक पारडं आणि पाठीमागचं ओतीव लोखंडाचं काउंटरवेट हे दुसरं. तीन टन उचलणाऱ्या डिझेल मशीनचं स्वतःचं वजन सव्वाचार टनांच्या आसपास असतं. मशीन रिकामं असताना त्यातलं साधारण अडीच टन मागच्या चाकांवर येतं. काट्यांवर पूर्ण तीन टन घेतले की पारडं पुढे झुकतं आणि मागच्या दोन चाकांवर मिळून आठ-नऊशे किलोच उरतात. बऱ्याच ड्रायव्हरना वाटतं की रिकामी फेरी म्हणजे मशीनला आराम. पुढच्या चाकांना असेल. मागच्या चाकांचे खरे हाल रिकाम्या फेरीतच होतात.

त्यात मागची चाकं वळणारी. कारमध्ये पुढची चाकं वळतात, फोर्कलिफ्टमध्ये मागची. अरुंद वाटेत मशीन जागच्या जागी फिरवताना चाक जमिनीवर घासत वळतं, म्हणजे वरून वजन आणि बाजूने धक्का, दोन्ही एकदम. रोलर बेअरिंगचं आयुष्य भाराच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, ते फार वेगाने घसरतं. हिशोबाचं सूत्र असं आहे की भार दुप्पट झाला तर आयुष्य जवळपास दहाव्या हिश्श्यावर येतं. भरधाव मशीन खड्ड्यात आदळलं की भार क्षणभर किती होत असेल, याचा अंदाज त्यावरून करा.

आता बेअरिंगकडे. हबमध्ये असतं ते टेपर रोलर बेअरिंग. चहाच्या टपरीवरचा कागदी कप टेबलावर आडवा ठेवून हलकेच ढकला. तो सरळ जात नाही, अरुंद टोकाकडे वळत गोल फिरतो. टेपर रोलरही तसाच, एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक. असे पंधरा-वीस रोलर एका उतरत्या कड्यावर पत्र्याच्या पिंजऱ्यात बसवले की त्याला कोन म्हणायचं. हा कोन ज्या बाहेरच्या उतरत्या कड्यात बसतो तो कप. सगळ्या उतारांच्या रेषा पुढे वाढवल्या तर त्या आसाच्या मधल्या रेषेवर एकाच बिंदूला मिळतात, म्हणून रोलर न घसटता शुद्ध लोळतात. उतारामुळे हे बेअरिंग वरचं वजन आणि बाजूचा धक्का दोन्ही घेतं. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेनने १८९८ मध्ये याचं पेटंट घेतलं. वळणावर भरलेल्या गाडीचं चाक आसावर बाजूने रेटतं, तो रेटा घेणारं बेअरिंग त्याला हवं होतं. आमच्या मशीनचीही नेमकी तीच गरज.

पण एक टेपर बेअरिंग एकाच बाजूचा धक्का घेतं, दुसऱ्या बाजूने ढकललं तर कोन कपातून सरळ बाहेर येतो. म्हणून हबमध्ये दोन असतात, एकमेकांविरुद्ध तोंड करून. आतलं सहसा मोठं, बाहेरचं लहान. दोन्ही कप हबमध्ये ठोकून घट्ट बसवलेले असतात, दोन्ही कोन स्टब एक्सलवर, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या आसाच्या टोकावर, हाताने सरकतील इतके सैल. नवीन पोरांना हे खटकतं. कोन आसावर सैल कसा, झिजला की काय? तसं नाही. चाक फिरताना हब आणि त्यातला कप फिरतो, कोन जागेवर थांबतो. फिरणाऱ्याला घट्ट पकड लागते, नाहीतर तो आपल्या घरातच घसरत राहील. थांबणारा थोडा सैल असेल तर हळूहळू सरकतो आणि दर वेळी तोच तुकडा वजनाखाली येत नाही.

या दोन कोनांना कपांमध्ये किती दाबून ठेवायचं, ते शेवटी टोकाचा नट ठरवतो. नुसतं बेअरिंग पेटीतून काढलं तर त्यात घट्टपणा किंवा सैलपणा असं काही नसतं. ते आपण हाताने ठरवतो.

बिघाडाची चाहूल

ड्रायव्हरची तक्रार सहसा अशी येते: “मागनं गुरगुरतंय.” किंवा “स्टेअरिंग सरळ धरलं तरी मशीन भिरभिरतंय.” मागचा भाग उचलून चाक हाताने फिरवलं की आत वाळू असेल तर जात्यासारखी घरघर येते. मग टायरखाली पहार घालून चाक वर उचलायचं. खडखड हललं तर प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, आहे. पण कुठे आहे? इथे बरेच जण फसतात, कारण मागच्या चाकात हलायला दोन जागा आहेत: हबमधली बेअरिंगं आणि किंगपिन, म्हणजे चाक ज्या उभ्या खुंटीवर वळतं ती. एकाने पहार हलवायची आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन आत बघायचं. हब हलतोय आणि त्याच्या मागचा नकल, म्हणजे किंगपिनवर वळणारा स्टबचा तुकडा, स्थिर असेल तर बेअरिंग. नकलच एक्सलच्या तोंडात हलत असेल तर किंगपिन. नव्या बेअरिंगचा खर्च करूनही चाक हलतंच आहे अशा मशीन माझ्याकडे आल्या आहेत, आणि जुनी बेअरिंगं तोवर भंगारात गेलेली.

चाक उतरवण्याआधी

हा भाग घाईत वाचू नका.

काटे जमिनीवर टेकवायचे, हँडब्रेक ओढायचा, चावी काढून आपल्या खिशात टाकायची. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी. मागचा एक्सल मधल्या पिनवर डोलतो, त्यामुळे एका बाजूला जॅक लावला तर आधी एक्सल तिरका होतो आणि मशीन उचललं असं उगीच वाटतं. मशीन उचलून झाल्यावर काउंटरवेटखाली दोन्ही बाजूंना पक्के ठोकळे किंवा स्टँड द्यायचे आणि वजन त्यांच्यावर सोडायचं. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नाही. विटा तर नकोच, वीट आधी काही न सांगता फुटते.

आता हवा. हवेच्या टायरची फोर्कलिफ्टची रिम पुष्कळदा दोन तुकड्यांची असते आणि ते तुकडे एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात. म्हणजे चाकाकडे बघितलं की नटांची दोन वर्तुळं दिसतात. एक चाक हबला धरतं, दुसरं रिमचे दोन तुकडे एकत्र धरतं. कारच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय हवा असते, इथे १०० पीएसआयच्या पुढे. भरल्या टायरवर रिमचे नट सोडले तर शेवटच्या नटाला रिमचा तुकडा तोफेसारखा सुटतो. यात माणसं गेली आहेत. म्हणून कुठला नट कशाचा याचा विचारच करत बसायचा नाही. आधी व्हॉल्व्हमधली पिन काढायची, हवा संपेपर्यंत थांबायचं आणि मगच पाना उचलायचा. सॉलिड टायर असेल तर हवेची भीती नाही, पण चाक जड असतं, दोघांनी धरा.

हब बाहेर

टोपी काढा. आत स्प्लिट पिन आणि खाचांचा नट असेल, नाहीतर दोन नट आणि मध्ये पाकळीचा वॉशर. पाकळी सरळ करा, नट सोडा, वॉशर काढा. हब थोडा पुढे ओढला की बाहेरचा कोन आपण होऊन पुढे सरकतो. तो आधी हातात घ्यायचा, नाहीतर पहिला मान जमिनीवरच्या वाळूचा. मग हब सरळ ओढायचा, तिरका नाही. तिरका ओढला तर सील स्टबवर घासतं आणि आतला कोन अडकतो.

हब पालथा करून सील उचकटा. ते वाकणारच, वाकू द्या. जुनं सील परत घालायचं नाही, ते कितीही चांगलं दिसत असलं तरी. याबाबतीत मी हट्टी आहे. सीलवर चार पैसे वाचवून अख्खा हब पुन्हा उघडणारे लोक बघितलेत.

जुनं ग्रीस पूर्ण काढायचं, हबच्या पोटातलंसुद्धा. रॉकेल किंवा डिझेलमध्ये बुडवून ब्रशने धुवायचं, मग दुसऱ्या, स्वच्छ डब्यात पुन्हा एकदा. पुसायला धागे सुटणारी चिंधी नको. आणि कॉम्प्रेसरची हवा मारून बेअरिंग फिरवायचं नाही. पोरांना त्या शिट्टीचा भारी नाद. कोन बोटावर घेऊन हवेचा झोत मारला की तो विमानासारखा किंचाळत फिरतो. पिंजरा तुटला तर रोलर गोळीसारखे बाहेर येतात आणि समोर सहसा तोंड असतं. हवा मारायची ती पिंजरा घट्ट धरून, रोलर न फिरवता, फक्त सुकवण्यापुरती.

बेअरिंग वाचणं

धुतलेलं बेअरिंग उजेडात धरा. घाई करू नका, चहा नंतर प्या. इथे जे लिहिलेलं असतं ते पुन्हा कुठे वाचायला मिळत नाही.

कपावर सगळीकडे एकसारखा मंद पट्टा असेल तर उत्तम, तो नांदता संसार. पृष्ठभागावर बारीक बारीक दबलेले खड्डे, सुई टोचल्यासारखे, म्हणजे वाळू रोलरखाली चिरडली गेली. जुन्या भिंतीचा गिलावा सुटावा तसे पापुद्रे निघाले असतील तर धातू थकला. हे पापुद्रे आधी कोनावर शोधा. कोन सरकतो तो अगदी हळू, म्हणून वजन बराच काळ त्याच्या एकाच बाजूवर येत राहतं, त्यामुळे सुरुवात पुष्कळदा तिथे होते आणि नेमकी ती जागा रोलरच्या आड लपते. म्हणून कोन हळूहळू फिरवत दोन रोलरच्या फटीतून आतल्या कड्याकडे बघायचं. नुसता कप बघून “चालंल की” म्हणणाऱ्याचं मशीन पुढच्या महिन्यात परत येतं.

रोलरच्या अंतराअंतरावर काळपट आडव्या रेघा असतील तर पाणी. मशीन धुताना प्रेशरचा झोत थेट सीलवर मारला जातो आणि मग मशीन सुट्टीभर उभं राहतं. रोलर ज्या रेषेवर टेकलेले असतात तिथे गंज चावतो.

धुण्याच्या पाट्यासारख्या सरळ, सारख्या अंतरावरच्या खाचा दिसल्या तर वेल्डिंगवाल्याला शोधा. मास्टवर (काटे वर-खाली नेणारा उभा सांगाडा) किंवा काट्यावर वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा सोयीचा म्हणून चाकाच्या नटाला लावला की करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलर जिथे टेकतो तिथे ठिणगी पडते. एकेक डाग डोळ्यांना दिसतही नाही, पण पुढे त्याच्या रेघा होतात. अर्थिंग जोडाच्या शेजारीच घ्यायचं, हे वेल्डरला एकदा नीट सांगून ठेवा.

आणि रंग. पिवळसर तपकिरी म्हणजे बरंच तापलं. निळं म्हणजे तीनशे अंशांच्या घरात गेलं. बेअरिंगच्या पोलादाची कठीणता रॉकवेल मापावर ५८ ते ६४ असते आणि ती कमावलेली असते नेमक्या तापमानाच्या हिशोबाने. निळं पडलेलं पोलाद नरम झालं, ते कितीही गुळगुळीत असलं तरी फेकायचं. निळा रंग रोलरच्या जाड टोकांवर जास्त असेल तर कारण नव्वद टक्के वेळा एकच, नट. टेपरमुळे रोलर सतत जाड बाजूकडे ढकलला जातो आणि कोनाच्या काठाला त्याची ती बाजू घासते. बेअरिंगमध्ये खरं घसटणं असं तिथेच आहे. नट जास्त आवळला की तिथलं ग्रीस पिळून निघतं आणि लोखंड लोखंडावर येतं.

एक तरी खूण सापडली तर कोन आणि कप दोन्ही बदलायचे. नवा कोन जुन्या कपात घालणं म्हणजे नवं जातं आणि जुनी खुंटी. नंबर कोनाच्या काठावर कोरलेला असतो. ३०२०८ असेल तर शेवटचे दोन आकडे, ०८, पाचाने गुणायचे, ४० मिलिमीटर हे आतलं भोक. नक्कल माल बाजारात भरपूर आहे, खोकं हुबेहूब आणि किंमत निम्मी. खऱ्या कंपन्यांचे अधिकृत वितरक आता कोल्हापुरातही आहेत, तिथून बिल घेऊन आणा.

कप, पितळी रॉड आणि फ्रीझर

जुना कप काढायला हबमध्ये आतून खाचा दिलेल्या असतात. त्या खाचेतून पितळी रॉड टेकवून एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला असं ठोकत न्यायचं. फारच हट्टी असेल तर कपाच्या आतल्या चालीवर, म्हणजे रोलर फिरतात त्या पृष्ठभागावर, वेल्डिंगची एक रेघ ओढायची. थंड होताना ती कप आवळते आणि तो हाताने निघतो. ही युक्ती फक्त भंगारात जाणाऱ्या कपासाठी, आणि अर्थिंगचं वर सांगितलंय.

नवा कप घालण्याआधी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. पोलाद मीटरला दर अंशाला सुमारे १२ मायक्रॉन आक्रसतं. ८० मिलिमीटरचा कप ३० अंशांवरून उणे १८ वर नेला तर जवळपास ०.०४६ मिलिमीटरने लहान होतो. ऐकायला काहीच नाही, पण घट्ट बसावा म्हणून कप घरापेक्षा जेवढा मोठा ठेवतात तेही साधारण याच मापात असतं. कप घरात निम्मा सरकतो, उरलेला पितळी रॉडने किंवा जुन्या कपाचा ठोकळा करून ठोकायचा. ठोकताना कान द्या. कप जागेवर जाईपर्यंत आवाज पोकळ, बद्द येतो. तळाला टेकला की एकदम टणक, घट्ट होतो. तो बदल कानाला एकदा कळला की जन्मभर चुकत नाही. तरी कप आणि घराच्या पायरीमध्ये ०.०५ मिलिमीटरची फिलर पट्टी, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून बघा, कुठेच शिरायला नको.

ग्रीस आणि एरंडेल

बैलगाडीच्या आखाला वंगण घालायचे तेव्हा गाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असायचा आणि वंगणात एरंडेल. तुंबा, म्हणजे गाडीच्या चाकाचा हब, कुरकुरायला लागला की नळ्यात काठी बुडवायची, आखावर फिरवायची. हे सगळं संपलं असं वाटतं. पण आज डब्यातून येणारं लिथियम ग्रीस म्हणजे तेल आणि त्याला धरून ठेवणारा लिथियमचा साबण, आणि त्या साबणातलं स्निग्धाम्ल येतं एरंडेलापासून. साबण स्पंजसारखा तेल धरतो आणि रोलरखाली थोडं थोडं सोडतो.

फोर्कलिफ्ट हळू चालते. ताशी १० किलोमीटर वेगाला तिचं मागचं चाक मिनिटाला नव्वदेक फेरे घेतं. कमी वेग आणि जास्त भार असेल तर रोलरखाली तेलाचा थर नीट तयार होत नाही, म्हणून जाडसर तेलाचं आणि भार सोसणारे घटक मिसळलेलं ग्रीस लागतं. दुकानात “एपी थ्री” मागतात त्यातला तीन हा घट्टपणाचा दर्जा, दोन त्याहून मऊ. मॅन्युअलमध्ये बहुधा दोन असतो. रंगावर जाऊ नका. लाल, निळं, हिरवं हा रंग कंपनी घालते, त्याने जात कळत नाही. वेगवेगळ्या जातींची ग्रीसं मिसळली तर दोन्ही पातळ होऊन गळू शकतात. बेंटोनाइट मातीवर बनवलेलंही ग्रीस असतं, तीच बेंटोनाइट जी आमच्या वाळूत आहे. लिथियममध्ये ते गेलं तर त्रास. म्हणून शंका असेल तर सगळं धुऊन काढायचं.

भरायचं कसं? तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा, कोनाची जाड बाजू त्यावर खरवडत दाबायची, ग्रीस रोलरच्या फटीतून वरच्या बाजूला गांडुळासारखं बाहेर येईपर्यंत. मग कोन थोडा फिरवून पुढची जागा. अख्खा कोन असा भरायला पाच मिनिटं लागतात आणि हात कोपरापर्यंत माखतात. वरून बोटाने फासून उरकणारे मला चालत नाहीत. हबच्या पोटात मात्र एक तृतीयांश ते निम्मं पुरे. ठासून भरलं तर चाक फिरताना ते ढवळत राहतं, तापतं आणि सील फाडून बाहेरची वाट शोधतं.

आतला कोन ठेवायचा, मग नवं सील. स्प्रिंगची बाजू सहसा ग्रीसकडे. सीलच्या ओठावर थोडं ग्रीस लावा, कोरडा ओठ पहिल्याच फेऱ्यात जळतो.

आणि नट

नोकरीच्या पहिल्या वर्षात मी एक हब बसवला होता. चाकाचे नट आवळतो तसाच हा नट, पान्याला पाइप लावून, जीव खाऊन. चाक मागं-पुढं अजिबात हललं नाही, मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पाळीत मशीन भट्टीसमोर अडकलं. बाहेरचा कोन निळा, पिंजऱ्याचे तुकडे, आतला कोन स्टबवर चिकटून बसलेला. तो ग्राइंडरने कापून छिन्नीने फोडला तेव्हा स्टबलाही चरा पडला. उस्ताद बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मर्दा, चाक फिरायसाठी लावलंय, बसायसाठी न्हवं.”

नट जास्त आवळला तर काय होतं ते वर आलंच: काठावर घसटणं, उष्णता, ग्रीस पातळ होणं, आणखी उष्णता. सैल ठेवला तर दुसरंच. सगळं वजन खालच्या दोन-तीन रोलरवर येतं, हब तिरका झोके घेतो, सीलचा ओठ एका बाजूला दबतो आणि दुसऱ्या बाजूला फट पडते. त्या फटीतून आमची वाळू.

मधली जागा किती अरुंद आहे हे आकड्याने कळतं. रस्त्यावरच्या जड ट्रकसाठी अमेरिकेतली शिफारस आहे की हब मागं-पुढं ०.००१ ते ०.००५ इंच हलावा, म्हणजे ०.०२५ ते ०.१२७ मिलिमीटर. माणसाचा केस ०.०७ च्या आसपास. तेवढ्यात सगळं. पुष्कळ फोर्कलिफ्टच्या मॅन्युअलमध्ये तर प्ले शून्य आणि वर थोडा दाब असं मागतात. आपल्या मशीनचं पुस्तक काय म्हणतं ते आधी बघा.

हाताने करायचं ते असं. नट आवळताना दुसऱ्या हाताने हब सतत फिरवत राहायचा, दोन्ही दिशांना. हे टाळलं तर रोलर कोनाच्या काठाला नीट टेकत नाहीत, तिरपे राहतात, नट घट्ट वाटतो आणि चार फेऱ्यांनंतर सैल निघतो. हब जड फिरायला लागला की थांबायचं, नट सोडायचा आणि पुन्हा पुस्तकातल्या टॉर्कवर, म्हणजे आवळायच्या जोरावर, आणायचा. तो टॉर्क चाकाच्या नटाच्या मानाने इतका कमी असतो की नव्या माणसाला छापण्यात चूक झाली असं वाटतं.

मग मोजायचं. प्ले हवा असेल तर डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं साधन, बूड हबवर आणि सुई स्टबच्या टोकावर. दाब हवा असेल तर स्प्रिंगचा काटा, रद्दीवाल्याकडे असायचा तसला. चाकाच्या एका बोल्टला हुक अडकवायचा आणि काटकोनात हळू ओढायचं. हब ज्या क्षणी हलायला लागतो तेव्हा काटा किती दाखवतो, तो आकडा पुस्तकातल्या आकड्याशी जुळायला हवा. डायल आणि काटा दोन्ही मिळून एका टायरपेक्षा स्वस्त, तरी दहापैकी आठ वर्कशॉपमध्ये सापडत नाहीत. तिथे सगळं “अंदाजाने” चालतं. पस्तीस वर्षं हेच काम केलेल्या हाताचा अंदाज मी मानतो, माझ्याही हाताचा थोडाफार. पाच वर्षांच्या हाताचा नाही.

स्प्लिट पिनची खाच जुळत नसेल आणि पुस्तकात वेगळं काही नसेल, तर नट पुढच्या खाचेपर्यंत मोकळा करायचा, आवळायचा नाही. पिन नवी. पाकळीचा वॉशर एकदा वाकवला की तोही बदलायचा.

पुढचा एक्सल थोडक्यात: तिथेही बेअरिंगं अशीच जोडीने असतात, पण हब एक्सल नळीवर फिरतो आणि आतून शाफ्ट जातो. ब्रेक तिथेच असल्यामुळे सील गळलं तर ग्रीस किंवा गिअर ऑइल ब्रेक लायनरवर जातं आणि मशीन थांबत नाही. म्हणून पुढचं सील गळताना दिसलं तर शिफ्ट संपायची वाट बघायची नाही. शिवाय पुढची चाकं उचलली की हँडब्रेकचा उपयोग संपतो, म्हणून मागच्या चाकांच्या पाचरी विसरू नका. गोदामातल्या हँड पॅलेट ट्रकच्या रोलरमध्ये दोन्हीकडून बंद असलेली बॉल बेअरिंगं असतात, बहुतेकदा ६२०४. ती उघडायची नसतात, धुवायची तर मुळीच नाहीत. आवाज आला की काढायची आणि नवी घालायची.

हबचं ग्रीस किती दिवसांनी बदलायचं? मॅन्युअल साधारण हजार ते दोन हजार तासांच्या आसपास सांगतं, ते स्वच्छ गोदामासाठी. आमच्या वाळूत मी तासमीटर निम्म्यावर आला की उघडतो.

काम झालं की चाकाचे नट आडव्या-तिडव्या क्रमाने आवळायचे, हवा भरायची आणि ड्रायव्हरला यार्डात रिकाम्या मशीनने अर्धा तास फिरवायला सांगायचं, वजन तेव्हाच मागे येतं. परत आल्यावर तळहात हबवर ठेवायचा, आधी डावा, मग उजवा. कोमट चालतं. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल, किंवा हात ठेववत नसेल, तर टोपी पुन्हा काढायची. मागच्या आठवड्यात उजवा हब असाच तापला. स्प्रिंगच्या काट्यावर आकडा बरोबर होता. उघडलं तर नवा कप तळाला टेकलेलाच नव्हता, एका बाजूला फिलर पट्टी आरामात शिरली. ठोकताना पोराने कान दिला नव्हता, शेजारी शॉट ब्लास्ट, म्हणजे ओतीव माल छऱ्यांनी साफ करणारं गोंगाटी मशीन, चालू होतं.